विहीणबाई, तुमच्या लेकीची गोळी

विहीणबाई, तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी तुमच्या लेकीच्या पानात मीठ वाढलं.

तुमचे दिवस करायला बोईसरला आलेलो, तुमच्याच खोलीत सगळे जेवायला बसलो होतो. तुमच्या भावजयीने तुमच्या घाटावरच्या रीतीने अळणी भात केला होता आणि बिनफोडणीची आमटी. मी पानावरून उठलो, तुमच्याच फळीवरून मिठाची बरणी काढली आणि रेश्माच्या भातावर मीठ घातलं. नीट कालवून घे म्हटलं. तुमच्या थोरल्या भावाचा घास हातातच राहिला. म्हणाले, "पाव्हणं, सुतक हाय." मी म्हटलं, "ठाऊक हाय. आपण सगळे अळणीच खाऊ. ही मीठ खाईल." ते पुन्हा जेवायला लागले. पण सासऱ्याला रीतभात नाही, असं ज्याच्या त्याच्या तोंडावर लिहिलेलं मला दिसत होतं. माझा नितेश मान खाली घालून जेवत होता. कारण माहीत असलेली त्या पंगतीत आम्ही तिघंच.

मीठ का, ते मी त्यांना सांगितलं नाही. लेकीच्या आजाराचं तुम्ही भावांनाही कळू दिलं नव्हतंत, आणि गेलेल्या बाईचं झाकलेलं तिच्याच सुतकात उघडं करायला मी काही नाक्यावरचा माणूस नाही. आज लिहितोय ते रेश्माला विचारून. ती म्हणाली, "लिहा बाबा. आई लपवून लपवून दमली."

मला लिहायची सवय नाही. चौथीत असताना बापाने शाळेतून काढून वाडीत घातलं, तो पानवेलींतच म्हातारा झालो. पण एवढ्या मोठ्या घरात आता मला उलट बोलणारं कुणी राहिलं नाही. मुलगा ऐकून घेतो, सून ऐकून घेते, नातीला अजून बोलता येत नाही.

तुम्ही मला माझ्याच पडवीत पाव्हणं म्हणायचात. शिरगावात माझा जन्म गेला. आणि बोईसरहून दोन पिशव्या घेऊन आलेली बाई मला म्हणते, "पाव्हणं, जरा सरका, झाडायचंय." मी म्हटलं, पाहुण्या तुमी, मी घरचा. तर म्हणालात, "आमच्याकडं याह्यालाच पाव्हणं म्हणत्यात. पाय वर घ्या." मी पाय वर घेतले. बायको गेल्यापासून मला कुणी पाय वर घ्या म्हटलं नव्हतं.

तेव्हा रेश्माला चौथा महिना होता. पोरगी जेवण झालं की गोळी घेते हे मी पाहत होतो. नितेशला विचारलं तर रक्त वाढायची आहे म्हणाला. मग एक दिवस मी पडवीत पानं लावत बसलो होतो, तुम्ही समोर येऊन बसलात आणि काही आडपडदा न ठेवता सांगितलंत, की लेकीला मनाचा आजार आहे. कधी वारं भरल्यासारखी सुसाट सुटते, कधी अंथरुणातून उठत नाही. गोळी चालू असली की तुमच्याआमच्यासारखी. मी म्हटलं, माझ्यापासून लपवलंत.

तुम्ही म्हणालात, "लपीवलं न्हाई. लगीन ठरायच्या आधी नितेशला समोर बसवून सांगितलंय. त्यो डॉक्टरकडं जाऊन बोलून आला. नवरा त्यो हाय, तुमी न्हाई."

मी पानं तशीच टाकून वाडीत निघून गेलो. संध्याकाळी परत आलो तर ती तुम्ही लावून ठेवली होती, चुकीची, लहान पानं वर आणि मोठी खाली.  तुम्ही बरोबर होतात असं मी आजही लिहिणार नाही. माझ्या घरात येणाऱ्या माणसाबद्दल माझ्या घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, मला सोडून. ते मला अजून टोचतं.

मग गोळीवरून आपलं वाजलं. पोट वाढलं तशी पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी गोळीही वाढवली. अंगात पाणी वाढतं, गोळी लघवीवाटे लवकर निघून जाते, म्हणून रक्त तपासून मात्रा वाढवावी लागते, असं त्यांनी सांगितलं. माझ्या डोक्यात ते शिरेना. मी म्हटलं, फळ धरल्यावर वेलीवर औषध मारतं का कुणी? नऊ महिने बंद ठेवा, नंतर काय द्यायच्या त्या द्या. तुम्ही म्हणालात, वेल सुकली तर दुसरी लावता येते. मग मागे एकदा तिने गोळी सोडली होती तेव्हाचं सांगितलंत. तुम्ही कंपनीच्या कामगारांसाठी भरलेले डबे घेऊन ती गेटवर गेली आणि हसत, गाणी म्हणत, येईल त्याला वाटून मोकळी झाली. झोप म्हणून नव्हती तिला. लोक म्हणाले, काय आनंदी पोरगी. आणि पुढे सगळा पावसाळा ती भिंतीकडे तोंड करून पडून होती, तुम्ही तिला घास भरवत होतात. एकदा तिने तुम्हाला विचारलं होतं, आई, मी मेले तर तू जेवशील ना वेळेवर? हे सांगताना तुम्ही रडला नाहीत. पदराने पडवीची फरशी पुसत होतात, पुसलेलीच.

तरी मी ऐकलं नाही. पालघरला तुमच्याबरोबर गेलो आणि डॉक्टरीणबाईंना स्वतः विचारलं, पोराला धोका हाय का नाय ते सांगा. त्यांनी सरळ सांगितलं. आधीची गोळी पोटातल्या बाळाला फार वाईट, म्हणून दिवस राहण्याआधीच बदलली. हिच्यातही थोडा धोका आहे, म्हणून सोनोग्राफीत बाळाचं हृदय नीट बघितलं. पण गोळी बंद करून ही आजारी पडली तर धोका आईलाही आणि बाळालाही, आणि तो मोठा. दोन्हीकडे धोका, त्यातली बरी बाजू धरायची. मी घरी येईपर्यंत धुमसत होतो. दोन्हीकडे खड्डा असलेल्या बांधावर पोरीला चालवायचं, ह्याला काय उपाय म्हणतात? तुम्ही रिक्षात म्हणालात, "चालायला बांध तरी हाय. आमी तर खड्ड्यातनंच आलो."

त्या दिवसापासून गोळ्यांची पट्टी तुम्ही कनवटीला लावायला सुरुवात केलीत. माझ्यावर विश्वास नव्हता तुमचा. मी फेकून देईन असं वाटत होतं. मी फेकली नसती. पण तसं तुम्हाला सांगितलंही नाही. असू दे भीती, म्हटलं.

नात झाली, सुखरूप झाली. आणि मग ते झालं, ज्याच्याबद्दल आपण कधी धड बोललो नाही.

बाळंतपण तुमच्या हातचं. खोलीत शेगडी, खिडक्या बंद, डोक्याला फडकं. पाणी घोटभर, तेही ओवा घालून उकळलेलं. जेवण अळणी. तुमच्या आईने तुमचं असंच केलं होतं, तिच्या आईने तिचं. नितेश म्हणाला, डॉक्टरांनी पाणी भरपूर प्यायला सांगितलंय ना? तुम्ही म्हणालात, ते पोटुशी असताना. आता बाळंतीण हाय, हिला पाणी दिलं तर पोट सुटंल, अंग फुगंल. नितेशने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आमच्याकडेही असंच करतात, बायकांच्या कामात तू बोलू नको. विहीणबाई, आपलं दोघांचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट. नेमका तिथेच घात झाला.

बारशाच्या आत रेश्माचे हात कापायला लागले. पोर हातात धरता येईना. उलट्या, जुलाब. चालताना होडीत उभी असल्यासारखी झुकायची. बोलताना जीभ जड, शब्द ओळखू येईनात. आळीतल्या बायका म्हणाल्या बाळंतवात, शेक वाढवा. तुम्ही म्हणालात, आजार उलटला. मी म्हटलं, गोळीचा दोष. नितेश कंपनीतून तसाच आला, रिक्षा केली आणि पालघरला नेली.

डॉक्टरीणबाईंनी खायला काय देता विचारलं. तुम्ही मोठ्या अभिमानाने सांगितलंत, "मिठाचा खडा लागू दिला न्हाई तिला." त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मीठ आणि पाणी कमी पडलं की अंग ही गोळी बाहेर सोडत नाही, धरून ठेवतं. रोजचीच मात्रा मग विषासारखी चढते. शेगडीने घाम काढलात, तेही त्यातच. सलाईन लावलं, गोळी थांबवली. रक्त पुन्हा पुन्हा तपासलं, आणि उतरल्यावर कमी मात्रेने परत चालू केली.

तुम्ही बाहेर बाकावर बसला होतात. मी आतून येताना दिसलो तसा पदर सावरलात, मार खायला माणूस तयार होतं तशा. म्हणालात, "बोला पाव्हणं. बोला एकदाचं."

मी येताना वाक्यं जुळवत आलो होतो, खोटं कशाला सांगू. पण तोंडातून निघालं, "जेवलात का?"

त्याचा तुम्हाला एवढा राग आला की घरी येईपर्यंत माझ्याशी अक्षर बोलला नाहीत. नंतर केव्हातरी नातीचे लंगोट वाळत घालताना म्हणालात, "शिव्या घातल्या असत्या तर सुटले असते मी." विहीणबाई, मग मी कसा सुटणार होतो? त्या शेगडीतले निखारे रोज सकाळी मी फुंकून देत होतो.

त्यानंतर तुम्ही पहिली गोष्ट केलीत ती म्हणजे मिठाची बरणी आणि पाण्याचा तांब्या लेकीच्या उशाशी आणून ठेवलात. आळीतल्या बायका बघतील म्हणून लपवला नाहीत. आईने आजीने केलेलं मोडायला माणसाला आत काहीतरी मोडावं लागतं. तुमचा चेहरा बघून मला ते कळलं होतं. सांगायला हवं होतं, असं नाही म्हणत. तुम्ही ऐकून घेतलं नसतंत.

मग दुधाचं. आईच्या दुधातून गोळी बाळात उतरते, अंगावर पाजायचं तर तान्ह्या पोराचंही रक्त तपासत राहावं लागेल, त्यापेक्षा वरचं दूध द्या, आणि आईची रात्रीची झोप मोडू देऊ नका, झोप मोडली की आजार दार ठोठावतो, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. गावात ह्याच्याएवढी लाज दुसरी नाही. माझी बहीण बाळ बघायला आली आणि बाटली बघून म्हणाली, आईला दूध असून पोर डब्याचं पिते? मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "डबेवालीची नात हाय ती. डब्याचंच पिणार."  मी वाडीत जाऊन हसलो. तुमच्यासमोर हसलो असतो तर तुम्ही डोक्यावर बसला असतात.

रात्री पोर तुमची, पहाटे माझी, असं ठरलं. मी माझी स्वतःची मुलं कधी धरली नव्हती. बाटली उकळायची, दूध मनगटावर टाकून बघायचं, पाजल्यावर खांद्यावर घेऊन पाठ थोपटायची, सगळं तुम्ही मला शिकवलंत. शिकवलंत म्हणजे ओरडलात. पण पोर माझ्या खांद्यावर पहिल्यांदा ढेकर देऊन झोपली तेव्हा तुम्ही म्हणालात, "पाव्हणं कामाचं निघालं." हे एवढं मी जपून ठेवलंय.

आणि मग एका सकाळी चहाचं आधण ठेवलंत, छातीला हात लावून चुलीजवळच्या पाटावर बसलात, त्या उठलाच नाहीत. ॲसिडिटी म्हणत होतात बरेच दिवस. लेकीच्या गोळीची वेळ कधी चुकली नाही तुमची. स्वतःसाठी डॉक्टरकडे जायला मात्र वेळ नव्हता. ह्यावरून भांडायचं राहिलं.

तुमच्या कनवटीची पट्टी मीच सोडवली, बायका तुम्हाला अंघोळ घालायच्या आधी. माझ्या लुंगीला खोचली. तेव्हापासून ती माझ्याकडे होती.

तुम्हाला सांगतो विहीणबाई, एवढ्या जन्मात मी कुठे असा अडकलो नव्हतो. वाडीत जातो तो हाकेच्या अंतरापर्यंत. पानं खुडायला माणूस लावलाय, तो देठ मोडतो आणि मला तिथे जाऊन ओरडताही येत नाही. नितेशच्या पाळ्या, कधी दिवसा कधी रात्री. त्याची रात्रपाळी असली की पोर रात्रभर माझी. त्याचं काही नाही, म्हाताऱ्याला झोप तशीही कमी. पण मी कुणाच्या तोंडाकडे एवढं बघितलं नव्हतं कधी. रेश्मा हसली की मला भीती वाटते. गप्प बसली की भीती वाटते. भांडी भरभर घासली की वाटतं सुसाट सुटली का काय, आणि सावकाश घासली तर वाटतं बसली आता. तुम्ही हे एवढी वर्षं कसं केलंत? आणि वर मला टोमणे मारायला ताकद कुठून आणायचात? परवा ती मला म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्याकडे आईसारखं बघायला लागलात." त्यात कौतुक नव्हतं.

आता खरं सांगायचं ते सांगतो.

तुम्ही गेल्यापासून रेश्मा रडलेली नाही. तुमची भावजय दहाव्याला सगळ्यांसमोर म्हणाली, एकुलती लेक, पण डोळ्याला पाणी नाही. रेश्माने ऐकलं. त्यानंतर दोन दिवसांनी, नितेश कामावर गेलेला, जेवण झालं, मी पट्टी काढली. ती म्हणाली, "आज नाही घेणार."

मी उभाच राहिलो. ती रागात नव्हती. अगदी शांत बोलत होती, तेच जास्त वाईट. म्हणाली, आई गेली आणि मला रडू येत नाही. सगळं आत गोठल्यासारखं झालंय. थोडे दिवस गोळी सोडते, पोटभर रडून घेते, मग परत चालू करते. मी म्हटलं, असं सोडता येत नाय. मग ती म्हणाली, "तुम्हीच म्हणाला होतात ना बाबा? ह्या गोळीनं माणसाचा खांब होतो, असं. मी आत कांदा चिरत होते. ह्या घरात तुम्ही एकटेच माझ्या बाजूने बोलत होतात."

विहीणबाई, तुमच्याशी भांडताना जिंकायला म्हणून काय काय बोललो असेन. ती ते उराशी धरून बसली होती. तिला मी तिचा माणूस वाटत होतो, आणि तुम्ही तिच्यावर पहारा देणाऱ्या.

मी म्हटलं, "ते मी तुझ्या आईला म्हटलेलं. तुला नाय."

"मग मला काय म्हणता?"

 तुमचं सगळं बोलणं मला पाठ आहे. गेटवरचे डबे, भिंतीकडे तोंड, सगळं. पण ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ती त्यातून गेली, मी नुसतं ऐकलं. ती म्हणाली, घेतली तर मी राहत नाही, नाही घेतली तर घर राहत नाही. सांगा, कुठून बाहेर पडू? मी माझ्याच घरात दारं शोधत होतो, आणि मलाही दार दिसत नव्हतं.

शेवटी मी खाली बसलो. म्हटलं, "मला ह्यातलं काय कळत नाय. तुझ्या आईला कळत होतं. मला एवढंच कळतं, तू पडलीस तर मी एकटा पुरा पडणार नाय. माझ्याच्यानं व्हायचं नाय ते."

हे मी कुणाला म्हटलं नव्हतं, विहीणबाई. बायकोला नाही, बापाला नाही. तुम्हाला तर मेलो असतो तरी म्हटलं नसतं.

 मी म्हटलं, रडू येत नाय हे आपण दोघं जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगू. तुला सांगायला जड गेलं तर मी सांगेन. कमी करायची तर त्या करतील, बदलायची तर त्या बदलतील. तू नको आणि मीही नको. आज तेवढी घे.

तिने हात पुढे केला. मी एक गोळी काढायला लागलो तर म्हणाली, "एक नाही. पट्टी द्या." आणि मग म्हणाली, "आई तोंडात घालून जीभ वर करायला लावायची. लेकीची आई झाले तरी. तुम्ही बाहेर जा. माझी मी घेते."

तुम्ही दिली नसतीत. मला माहीत आहे. तुम्ही दारात ठाण मांडून बसला असतात आणि पोटात गेल्याशिवाय हलला नसतात. मी पट्टी तिच्या हातात दिली आणि बाहेर गेलो. वेलींत उभा राहिलो. उभ्या उभ्या किती वेळा मागे वळलो ते विचारू नका. एकदा पायरीपर्यंत आलो आणि परत गेलो.

आत आलो तर ती पोरीचं अंग पुसत होती. मी काही विचारलं नाही. पट्टी बघायला मागितली नाही. ती म्हणाली, सोमवारी जाऊ आपण पालघरला, मीच बोलेन, तुम्ही नुसते बसा. मग पोर माझ्या मांडीवर ठेवली. "झोपते मी बाबा. हिला धरा."

आत तिचा श्वास चालू होता. तुम्ही नुसत्या श्वासावरून ओळखायचात, घेऊन झोपली की न घेता. मला अजून तेवढं येत नाही. पोर झोपली, माझ्या बोटाला धरून. मांडीला मुंग्या आल्या, तहान लागली. उठलो असतो तर दोघींपैकी एक तरी जागी झाली असती. मी तसाच बसून राहिलो, ऊन पडवीतून खाली उतरेपर्यंत, तिच्या श्वासाकडे कान लावून.